पिप म्हणतं पांडाज आहे, शेल म्हणतं नाही. खोटं कोण बोलतंय?

पर्जन्यमापक
नमस्कार मंडळी. मी एका कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. तालुक्यातल्या पावसाच्या ३० वर्षांच्या नोंदी माझ्याकडे एक्सेलमध्ये आहेत. एक्सेल उघडायलाच इतका वेळ घेतं की तेवढ्यात चहा होतो, म्हणून या सुट्टीत पायथन शिकायला घेतलं.

काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल पांडाज' दिलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं, पांडाज म्हणजे तक्त्यांवर काम करणारं पॅकेज). उत्तर आलं, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. म्हणजे आधीपासूनच आहे. मग 'पायथन' टाइप करून शेल उघडलं, ते तीन बाण आले, 'इम्पोर्ट पांडाज' लिहिलं तर 'मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. पुन्हा पिपला विचारलं, ते म्हणतं आहे. पुन्हा शेलला विचारलं, ते म्हणतं नाही. काल रात्री साडेअकरापर्यंत हाच खेळ.

विंडोज ११ आहे. लॅबमधल्या मुलाने मध्यंतरी या मशीनवर काहीतरी उचापत केली असावी असा माझा दाट संशय आहे.

(कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, सांभाळून घ्या.)

चिंचगूळ
दोघंही खरं बोलतायत. :)
तज्ज्ञ येईपर्यंत मी शेंगदाणे घेऊन बसते.

खटपट्या
ताई, तुमच्या मशीनवर बहुतेक दोन पायथन आहेत. एकाच वाड्यात दोन भाऊ, चुली वेगळ्या. पिपने पांडाजचं सामान एका चुलीपाशी ठेवलंय आणि तुम्ही दुसऱ्या चुलीपाशी बसून डबे उघडताय.

अंदाज नको, तपासून बघा. शेलमध्ये:

इम्पोर्ट सिस
सिस डॉट एक्झिक्युटेबल

तुम्ही आत्ता ज्या पायथनमध्ये बसला आहात त्याचा पूर्ण पत्ता मिळेल. मग 'सिस डॉट पाथ' लिहा. इम्पोर्ट म्हटल्यावर पायथन ज्या फोल्डरांमध्ये शोधतो त्यांची ती यादी, आणि शोध त्याच क्रमाने चालतो. आता शेलमधून बाहेर या आणि काळ्या खिडकीत 'पिप हायफन-हायफन व्हर्जन' द्या. त्या ओळीच्या शेवटी ते पिप कुठल्या पायथनचं आहे ते लिहिलेलं असतं. दोन पत्ते जुळले नाहीत तर तोच आजार.

विंडोजवर 'पीवाय' नावाचा लाँचर असेल तर 'पीवाय हायफन झिरो पी' दिल्यावर सगळ्या पायथनांची पत्त्यांसकट यादी येते. लॅबच्या मुलाला त्यानंतर बोला.

वाटाण्याच्या_अक्षता
ताई, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा. मध्ये कधीतरी तीन बाणांपुढेच 'पिप इन्स्टॉल पांडाज' लिहून पाहिलंत ना? 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड सिंटॅक्स' आली ना?

पर्जन्यमापक
@वाटाण्याच्या_अक्षता, चार वेळा. शेवटच्या वेळी सगळं कॅपिटलमध्ये.

वाटाण्याच्या_अक्षता
मी सात वेळा. त्यानंतर नोकरी लागली.

आरशास्त्री
संख्याशास्त्राच्या बाई आणि आर (आमची संख्याशास्त्राची भाषा) सोडून पायथन? वाईट वाटलं. ह. घ्या.

पण आमच्याकडेही हे भोग आहेत. 'देअर इज नो पॅकेज कॉल्ड अमुक' दिसलं की आर वापरणारा आधी 'डॉट लिबपाथ्स', म्हणजे पॅकेजं शोधायच्या फोल्डरांची यादी, बघतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आर ४.० आलं तेव्हा जुनी सगळी पॅकेजं नव्याने बसवावी लागली होती. आमच्या विभागातले निम्मे लोक त्या आठवड्यात 'माझी पॅकेजं कुठे गेली' म्हणत माझ्या टेबलाशी उभे होते.

आरमधली आणखी एक गंमत सांगते. 'लायब्ररी' आणि 'रिक्वायर' दोन्हींनी पॅकेज लोड होतं, म्हणून लोक कुठलंही वापरतात. पण पॅकेज नसेल तर 'लायब्ररी' तिथल्या तिथे थांबून एरर देते. 'रिक्वायर' नुसती वॉर्निंग देतं, गुपचूप 'फॉल्स' परत करतं आणि पुढे चालू लागतं. मग चाळीस ओळींनंतर 'असं फंक्शनच नाही' म्हणून एरर येते आणि माणूस त्या चाळिसाव्या ओळीत चूक शोधत बसतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा अख्खा शनिवार यात गेला. तेव्हापासून माझ्या वर्गात 'रिक्वायर' बंद.

लिनक्सआजोबा
खटपट्या यांना अनुमोदन. त्यात भर.

पिपला नुसतं 'पिप' म्हणून हाक मारायची सवय सोडा. 'पायथन हायफन एम पिप इन्स्टॉल पांडाज' असं म्हणा. म्हणजे ज्या पायथनचं शेल उघडणार त्याच पायथनचं पिप चालेल, गल्ली चुकायचा प्रश्न नाही. एवढ्या एका सवयीने या प्रकारच्या धाग्यांपैकी अर्धे धागे निघणारच नाहीत.

आमच्या डेबियनवर १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरनमेंट' म्हणून हाकलून देतात. पुष्कळांनी तेव्हा आरडाओरडा केला, माझा मात्र पाठिंबा. सिस्टिमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात, तिथे आपण कशाला हात घालायचा? आपल्या कामासाठी 'पायथन थ्री हायफन एम वेनव्ह' करून वेगळी खोली बांधावी आणि तिथे काय तो पसारा करावा. त्या एररमध्येच खाली 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्यायही छापलेला असतो, आणि लोक नेमका तोच उचलतात. नावातच 'मोडा' लिहिलंय तरी.

बाणेरचा_बाण
कशाला एवढा खटाटोप? कोंडा टाका (पायथन आणि पॅकेजं दोन्ही बसवणारं), सगळं एकत्र येतं, विषय संपला.

लिनक्सआजोबा
@बाणेरचा_बाण, आता दोन पायथन आहेत, मग तीन होतील.

बाणेरचा_बाण
आजोबा, तुम्ही लिनक्सवर सुखात आहात म्हणून असं सुचतं. विंडोजवर 'डीएलएल लोड फेल्ड व्हाइल इम्पोर्टिंग' ही एरर कधी खाल्ली आहे का? त्यात मॉड्यूल सापडलेलं असतं बरं का. ज्या डीएलएलवर (विंडोजची सामायिक कोडची फाइल) ते उभं आहे ती सापडत नाही, आणि कुठली सापडत नाही तेही धड सांगत नाहीत. पायथन ३.८ मध्ये नियमच बदलला. एक्स्टेंशन मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल आता 'पाथ' व्हेरिएबलमधून शोधल्या जात नाहीत, 'ओएस डॉट ॲड डीएलएल डिरेक्टरी'ने फोल्डर स्वतः दाखवावं लागतं. माझे दोन दिवस गेले. एका ठिकाणी तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल मशीनवर नव्हतं, एवढंच कारण निघालं. कोंडा अशा डीएलएलसुद्धा बरोबर घेऊन येतं, म्हणून म्हटलं.

लिनक्सआजोबा
हा मुद्दा मान्य. आमच्याकडची त्याची जुळी बहीण म्हणजे 'लिबजीएल डॉट एसओ डॉट वन: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. बिनपडद्याच्या सर्व्हरवर ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारं पॅकेज) घातलं की हमखास. तिथे 'हेडलेस' आवृत्ती घालायची, ती पडदा मागत नाही. आमच्याकडे 'एलडीडी' कमांड त्या एसओ फाइलवर चालवली की समोर 'नॉट फाउंड' लिहून कोण गैरहजर आहे ते सांगते, एवढी सोय आहे.

खटपट्या
ओपनसीव्ही निघालंच आहे तर. बसवताना 'ओपनसीव्ही हायफन पायथन' म्हणायचं आणि इम्पोर्ट करताना 'सीव्हीटू'. बसवताना 'पिलो', इम्पोर्ट करताना 'पीआयएल'. 'सायकिट-लर्न'चं 'एसकेलर्न', 'पायवायएएमएल'चं नुसतं 'यामल'. विराटाच्या घरी भीमाला बल्लव म्हणायचं आणि अर्जुनाला बृहन्नडा, तसंच. नवीन माणूस इम्पोर्टचंच नाव पिपला देतो आणि पिप म्हणतं असं कोणी इथे राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या नावाचं भलतंच कोणीतरी तिथे राहत असतं. अंदाजाने, स्पेलिंग चुकवून काही बसवू नका. नेमक्या अशा चुकांवर टपून खोटी पॅकेजं टाकणारे लोक आहेत.

चिंचगूळ
आणि पांडाज अज्ञातवासात. शेंगदाणे संपत आले.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत सकाळ झाली, म्हणून उशिरा आलो.

ज्युपिटर (ब्राउझरमध्ये पायथन चालवायची वही, म्हणजे नोटबुक) वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण ताई आज ना उद्या तिकडे जाणारच. नोटबुकमध्ये 'उद्गारचिन्ह पिप इन्स्टॉल' लिहिलं की कमांड बाहेरच्या सिस्टिम शेलकडे (काळ्या खिडकीवाल्या, तीन बाणांच्या नव्हे) जाते, आणि तिला जे पिप आधी सापडेल ते चालतं. 'टक्का पिप इन्स्टॉल' लिहिलं तर ते चालू कर्नलच्याच, म्हणजे नोटबुकमागे चालणाऱ्या, पायथनमध्ये बसतं. दिसायला एका चिन्हाचा फरक. आमच्या टीममध्ये एकाने हे न कळून मशीन फॉरमॅट केलं होतं. खरंच.

बसवल्यानंतरही सापडलं नाही तर शेल किंवा कर्नल एकदा बंद करून उघडा. 'युजर' फोल्डरात आयुष्यात पहिल्यांदाच काही बसवत असाल तर पायथन सुरू झाला तेव्हा ते फोल्डर मुळात अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे ते सिस डॉट पाथमध्ये आलेलंच नसतं. तुम्ही कितीही वेळा इम्पोर्ट म्हणा.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. एम-वन मॅक घेतला आणि जुन्या, वेगळ्या प्रोसेसरच्या मशीनवरून सगळं उचलून आणलं. इम्पोर्ट करताच 'इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर, हॅव एक्स८६-६४, नीड आर्म६४'. निदान काय हवंय आणि काय मिळालं हे तरी स्पष्ट लिहितात. एवढी स्पष्ट एरर बायकोसुद्धा देत नाही.

चिंचगूळ
@एडिसनकर, वहिनी हा धागा वाचतात का?

पर्जन्यमापक
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. प्रगती सांगते.

खटपट्या, तुमचं निदान अचूक. 'पीवाय हायफन झिरो पी'ने दोन पायथन दाखवले, ३.१० आणि ३.१२. शेल ३.१० चं उघडत होतं आणि पिप ३.१२ चं होतं. आजोबांनी सांगितलं तसं 'पायथन हायफन एम पिप' केलं, बरंच काही डाउनलोड झालं, शेलमध्ये इम्पोर्ट पांडाज आणि... चाललं! काहीच छापून आलं नाही. मला आधी वाटलं अडकलं, मग कळलं की काही न बोलणं म्हणजेच यश.

हा आनंद वीस मिनिटं टिकला. मग मी पावसाच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथून शेल उघडलं. तेच इम्पोर्ट, पण आधी स्क्रीनवर 'पावसाची दिनदर्शिका तयार होत आहे' असं मराठीत आलं (!!) आणि मग 'ॲट्रिब्यूट एरर: पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल पांडाज हॅज नो ॲट्रिब्यूट रीड सीएसव्ही', कंसात 'मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट'. फोल्डरबाहेर चालतं, फोल्डरमध्ये नाही. वास्तुदोष?

वाचनमात्र
पायकॅश फोल्डर डिलीट करा. जुन्या कम्पाइल झालेल्या फाइली उचलतंय.

लिनक्सआजोबा
@वाचनमात्र, ते पायथन २ चं दुखणं. तेव्हा 'पीवायसी' फाइल मूळ फाइलीच्या शेजारीच पडलेली असे, आणि मूळ फाइल उडवली तरी तिचं भूत इम्पोर्ट होत राही. ३.२ पासून त्या पायकॅशमध्ये जातात, आणि मूळ फाइल नसेल तर तिथली फाइल उचलली जात नाही. उडवून नुकसान नाही, फायदाही नाही. कोपऱ्यावर लिंबू टाकण्यासारखं.

खटपट्या
ताई, 'पावसाची दिनदर्शिका' हे वाक्य पांडाजच्या लेखकांनी नक्की लिहिलेलं नाही. :) एरर खालून वर वाचा. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, तिच्यावरच्या ओळी कुठे झालं ते सांगतात. 'फाइल' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये तुमच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता दिसतोय का? त्या फाइलचं नाव काय?

पर्जन्यमापक
दिसतोय. फाइलचं नाव कॅलेंडर डॉट पीवाय. ती माझीच आहे, महिन्यावार पावसाचा तक्ता करण्यासाठी मागच्या आठवड्यात लिहिली होती. पण ती मी चालवलीच नाही!

खटपट्या
तुम्ही नाही, पांडाजने चालवली.

पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीत 'कॅलेंडर' नावाचं मॉड्यूल आहे. पांडाज तारखांसाठी डेटयूटिल वापरतं आणि डेटयूटिल म्हणतं 'इम्पोर्ट कॅलेंडर'. आता सिस डॉट पाथची यादी आठवा. शेलमध्ये तिची पहिली नोंद रिकामी असते, तिचा अर्थ 'आत्ता उभे आहोत ते फोल्डर'. त्यामुळे पायथनच्या घरातल्या कॅलेंडरआधी तुमचं कॅलेंडर सापडलं. इम्पोर्ट म्हणजे ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवणं, म्हणून तुमचं वाक्य छापलं गेलं. तुमच्या फाइलीत वर 'इम्पोर्ट पांडाज' असणार, पण पांडाज तर अजून अर्धवटच लोड झालेलं, तेच तर कॅलेंडरची वाट बघत थांबलंय. मग तुम्ही त्या अर्धवट पांडाजकडे रीड सीएसव्ही मागितलं, ते म्हणालं माझ्याकडे नाही. सर्क्युलर म्हणजे हे वर्तुळ.

फाइलचं नाव बदला, पाऊस-तक्ता वगैरे काहीही. आणि शेल बंद करून नवीन उघडा. त्याच शेलमध्ये पुन्हा इम्पोर्ट करू नका. फसलेलं मॉड्यूल 'सिस डॉट मॉड्यूल्स'मधून काढलं जातं, पण वाटेत जी इतर नीट लोड झाली ती तिथेच राहतात, आणि त्या अर्धवट संसारावर पुन्हा इम्पोर्ट केलं की नव्याच एररी निघतात.

आरशास्त्री
माझ्याकडून एकदा 'स्टॅटिस्टिक्स डॉट पीवाय' झालं आहे. संख्याशास्त्राच्या माणसाने फाइलला दुसरं नाव काय द्यायचं? (हो, मीपण चोरून पायथन वापरते.)

एडिसनकर
'रँडम डॉट पीवाय' न केलेला माणूस मला दाखवा. ३.१३ मध्ये अशा प्रसंगी पायथन स्वतःच सुचवतो की तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, बदलून बघा. इतकी वर्षं लोकांचे शिव्याशाप ऐकून कोणाला तरी दया आली.

बाणेरचा_बाण
मी शेलच्या स्टार्टअप फाइलीत सगळे नेहमीचे इम्पोर्ट 'ट्राय'मध्ये टाकून खाली 'एक्सेप्ट: पास' (एरर आली तरी गप्प पुढे जा) करून ठेवलेत. कटकट नाही. शेल उघडलं की जे आहे ते आहे, नाही ते नाही.

लिनक्सआजोबा
अरे बाणा! डीएलएलची एरर धड सांगत नाही म्हणून वर रडलास आणि आता स्वतःच तिचं तोंड बांधतोस?

खटपट्या
आजोबा चिडले. पण मुद्दा त्यांचा. शेलमध्ये 'ट्राय' लावायला हरकत नाही, मीही लावतो, फक्त काय पकडायचं ते नेमकं सांगायचं. पायथन ३.६ पासून 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' वेगळी मिळते. ती 'इम्पोर्ट एरर'चीच लेक आहे. मॉड्यूल मुळातच नसणं वेगळं, आणि असून लोड न होणं वेगळं. नुसती 'इम्पोर्ट एरर' पकडली की दोन्ही एका पोत्यात जातात. आणखी नेमकं हवं तर एररच्या 'नेम'मध्ये न सापडलेल्या मॉड्यूलचं नाव असतं ते बघा. तिथे 'पांडाज' असेल तर पांडाज नाही. दुसरंच नाव असेल तर पांडाज आहे, त्याला लागणारं काहीतरी नाही. ती एरर गिळू नका, वर जाऊ द्या.

बाणेरचा_बाण
बरं. बदलतो. आजोबांना चहा माझ्याकडून.

अवांतर: बदलून बघितलं. 'पास' काढताच नम्पायची (आकडेमोडीचं पॅकेज) एरर दिसली, जुनं एक पॅकेज नम्पाय १ वर कम्पाइल झालेलं आणि माझ्याकडे नम्पाय २. २०२४ च्या जूनमध्ये नम्पाय २ आलं, मी कधीतरी सगळं अपग्रेड केलं असणार. म्हणजे किती महिने ते पॅकेज लोडच होत नव्हतं, देव जाणे.

लिनक्सआजोबा
दोन चहा.

वाटाण्याच्या_अक्षता
अवांतर: या एररी मराठीत यायला हव्यात असं नाही वाटत? 'मॉड्यूल सापडले नाही. कृपया संबंधित विभागाशी संपर्क साधावा.'

चिंचगूळ
'सदर मॉड्यूल अर्धवट उपलब्ध आहे. साहेब जेवायला गेले आहेत.'

आरशास्त्री
मग ती एरर गूगल कशी करणार?

पर्जन्यमापक
चाललं! फोल्डरमध्येसुद्धा! फाइलचं नाव आता पाऊसतक्ता. नवं शेल, इम्पोर्ट पांडाज, शांतता. इतकी गोड शांतता आमच्या स्टाफरूममध्येही नसते.

एक कबुलीजबाब राहिला. ते ३.१० कोणी टाकलं हे बघायला फोल्डरची तारीख पाहिली, २०२२ ची दिवाळी. तेव्हा मीच एका ऑनलाइन वर्गाला बसले होते. दुसऱ्या दिवशी सोडला, पण पायथन राहून गेला. ३.१२ लॅबच्या मुलाने टाकलं आणि पांडाजही त्यानेच घालून ठेवलं होतं, माझ्याचसाठी. उद्या त्याला वडापाव.

आता शेवटचं. रीड सीएसव्हीने पावसाची फाइल उघडायला गेले तर 'युनिकोड डिकोड एरर: यूटीएफ-८ कोडेक कान्ट डिकोड बाइट झिरो एक्स एफएफ इन पोझिशन झिरो'. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह केली होती, गावांची नावं मराठीत आहेत म्हणून.

खटपट्या
एन्कोडिंग 'यूटीएफ-१६' द्या, सेपरेटर टॅब द्या. पुढचं नवीन धाग्यात.

चिंचगूळ
थांबा, शेंगदाणे आणते.